तक्त्यातली वांगी तक्त्यात

काशीत दुर्गाघाटावर आमच्या आत्याच्या स्वयंपाकघरात गेले तीन आठवडे संध्याकाळची कढई चढलेली नाही. आत्याचं वय ७९, वरचे दात बसवलेले, घरात एकटी. मध्यंतरी गेले तेव्हा फडताळात दोन बरण्या दिसल्या. एकीत भाजलेले शेंगदाणे होते, दुसरीत भाजलेले बदाम. रात्री ती वाटीभर दूध आणि कुटलेले मूठभर दाणे घेते, की झालं जेवण. भाजी का नाही, असं विचारलं तर म्हणाली, "अगं, भाजीत असतं काय? नुसतं पाणी. त्यांनी फळ्यावर आकडे लिहून दाखवले ना. चोवीसपट फरक आहे म्हणे."

आकडे लिहिणाऱ्या गृहस्थांचं नाव इथे नको. थंडीच्या सुरुवातीला आपल्या मराठी मंडळींसाठी आहारावर त्यांचं व्याख्यान झालं. मी शेवटच्या रांगेत बसले होते आणि त्या वेळी उठून बोलले नाही, याची बोच अजून आहे. व्याख्यान नुसतं ऐकून सोडून दिलं गेलं असतं तर हा लेख लिहिलाही नसता. पण ते ऐकून माणसं आपलं ताट बदलू लागली आहेत.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. १०० ग्रॅम वांग्यात उष्मांक सुमारे २५ आणि प्रथिनं जेमतेम १ ग्रॅम. १०० ग्रॅम भाजलेल्या शेंगदाण्यात उष्मांक ५८५च्या आसपास आणि प्रथिनं २४ ग्रॅम. त्यातून वांगं शिजवलं की उरलंसुरलं सत्त्वही जातं, वर ते तेल पितं. हिंदीत त्याचं नावच बैंगन, म्हणजे बेगुण. तेव्हा उतारवयात चुलीपाशी तिष्ठायचं कशाला? मूठभर सुका मेवा खावा आणि भाजीच्या कटकटीतून सुटावं. यावर टाळ्या पडल्या. गंगेच्या पलीकडे रामनगर आहे. तिथल्या भंट्याला, म्हणजे त्या थोराड, गोल, फिकट हिरव्या वांग्याला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच्या समोरच्या काठावर बसून आपण त्याला बेगुण म्हणू दिलं.

त्यांनी सांगितलेले आकडे खोटे नाहीत. खोटी आहे ती त्या आकड्यांची जोडी. वांग्यात ९२ टक्के पाणी असतं. भडभुंज्यानं तापल्या वाळूत परतलेल्या दाण्यात पाणी दोनेक टक्क्यांवर उतरलेलं असतं. म्हणजे तराजूच्या एका पारड्यात ८ ग्रॅम अन्न आणि ९२ ग्रॅम पाणी, दुसऱ्या पारड्यात ९८ ग्रॅम अन्न, आणि मग पहिलं पारडं हलकं म्हणून त्याची निंदा. दोन्हींतलं पाणी बाजूला काढून मोजा. वांग्याच्या ८ ग्रॅम कोरड्या अन्नात १ ग्रॅम प्रथिन, म्हणजे साडेबारा टक्के. दाण्याच्या ९८ ग्रॅममध्ये २४, म्हणजे साडेचोवीस टक्के. चोवीसपट होतं ते दुपटीवर आलं. आता तंतू, म्हणजे ज्याला आपण चोथा म्हणतो, तो घ्या. १०० ग्रॅम वांग्यात तो ३ ग्रॅम असतो आणि दाण्यांत ८. पाणी वगळून पाहिलं तर वांग्यात सदतीस-अडतीस टक्के आणि दाण्यांत आठ. इथे वांगं चौपटीनं पुढे गेलं. हा हिशेब फळ्यावर का आला नाही?

आणखी एक माप घेऊ. वजनाऐवजी उष्मांक सारखे धरू. १०० उष्मांक मिळवायला वांगं ४०० ग्रॅम लागतं आणि भाजलेले दाणे साधारण १७ ग्रॅम. ४०० ग्रॅम वांग्यात प्रथिनं ४ ग्रॅमच्या जवळपास, १७ ग्रॅम दाण्यांतही ४ ग्रॅमच्या जवळपास. दोन्ही बरोबरीत. पोटॅशियम मात्र वांग्यातून ९०० मिलिग्रॅमच्या घरात मिळतं आणि दाण्यांतून ११०च्या आसपास. तंतू वांग्यातून १२ ग्रॅम, दाण्यांतून दीड. या मापानं मी उद्या फळ्यासमोर उभी राहिले तर सभेला सहज पटवून देईन की दाणे टाका आणि वांगी खा. पण मी तसं करणार नाही, कारण तेही तितकंच चुकीचं ठरेल. प्रथिनांसाठी अर्धा किलो वांगी कोणी खात नाही. दाण्यांची प्रथिनं वांग्याच्या भरवशावर सोडून द्यायची नसतात. मला इतकंच दाखवायचं होतं की माप बदललं की निकाल फिरतो. आणि निकाल असा फिरत असेल तर मोजणाऱ्यानं आधी सांगायला हवं की हेच माप का निवडलं.

त्यांचंच माप पुढे चालवलं तर काय होतं तेही बघा. त्याच व्याख्यानात गाईच्या दुधाची थोरवी दहा मिनिटं चालली होती. दुधात ८७ टक्के पाणी, १०० ग्रॅममध्ये प्रथिनं ३ ग्रॅमच्या थोडी वर. दाण्यांच्या पुढे दूध सातपट-आठपट हलकं ठरतं. मग दूधही सोडायचं का? कोरड्या तुरीच्या डाळीत प्रथिनं २० टक्क्यांच्या वर असतात. तीच डाळ शिजून पातळ वरण झाली की तिच्यात चौपट-पाचपट पाणी शिरतं आणि १०० ग्रॅम वरणातला आकडा घसरतो. डाळीतलं प्रथिन कुठे पळालं नाही, ते पातेल्यातच आहे. तांदूळ आणि भात यांचंही तेच. शिजवलेलं पाणीदार अन्न आणि भाजलेलं कोरडं अन्न यांची वजनावर तुलना केली की जे शिजलं ते हरणारच. असा निकाल आधीच ठरलेला असतो आणि त्याला शास्त्र म्हणून पुढे केलं जातं, याचा मला संताप येतो.

शिवाय माणूस १०० ग्रॅम खात नाही, वाढून घेईल तेवढं खातो. भाजीची वाटी दीडशे ग्रॅमची असते, दाण्यांची मूठ २५ ग्रॅमची. या मुठीत १४५ उष्मांक, ६ ग्रॅम प्रथिनं आणि १२ ग्रॅम स्निग्धांश. हे उत्तम आहे, मी ते नाकारत नाही. पण भाजीच्या वाटीची जागा दाण्यांनी वजनाला वजन भरली तर दीडशे ग्रॅम दाण्यांत ८८० उष्मांक होतात, म्हणजे आत्यासारख्या बारीक अंगाच्या बाईच्या दिवसभराच्या गरजेचा मोठा हिस्सा एका वाटीत. आणि मुठीवरच थांबलं तर पोटात १२५ ग्रॅम अन्न कमी गेलं. ती पोकळी कशानं भरायची? आत्यानं ती कशानंच भरलेली नाही. तिचं पोट आठवडाभर साफ होत नव्हतं आणि ती कोणाला सांगत नव्हती. ज्या पाण्याला व्याख्यात्यांनी नुसतं पाणी म्हटलं, ते तंतूंमध्ये धरलेलं पाणी म्हाताऱ्या आतड्याला हवं असतं. उतारवयात तहान मंदावते, माणसं पाणी कमी पितात, आणि मऊ, ओलसर भाजी ही उणीव काही अंशी भरून काढते. हे घराघरातल्या सुनांना ठाऊक आहे.

हा वाद नवा नाही. १९५० आणि ६०च्या दशकांत जगभर प्रथिनांच्या तुटीचं वादळ उठलं होतं. गरिबाच्या पोटात नेमकं प्रथिनच कमी आहे, असं धरून शेंगदाण्याच्या पेंडीचं पीठ आणि हरभऱ्याचं पीठ मिसळून बहुगुणी अन्नं तयार झाली. दाण्याचं कौतुक तेव्हाही असंच चाललं होतं. पुढे आपल्याकडच्याच अभ्यासकांनी हिशेब मांडून दाखवलं की बहुतेकांना पोटभर नेहमीचं जेवणच मिळत नाही. ते मिळालं तर प्रथिनांची गरज बरीचशी त्यातून भागते. एका घटकाला राजा करून बाकी ताट प्रजा ठरवायची ही खोड तेव्हा मोडली, असं वाटलं होतं. मग कधी तुपाविरुद्ध मोहीम निघाली, कधी शेंगदाणा तेलाविरुद्ध, कधी भाताविरुद्ध. प्रत्येक वेळी फळ्यावर एकच आकडा होता. माझ्या आईनं एका फेऱ्यात घरचं कढवलेलं तूप बंद करून डब्यातलं वनस्पती तूप आणलं होतं, कारण एका जाणत्या माणसानं सभेत तसं सांगितलं होतं. त्या डब्यांवर मी वाढले आणि ते आठवलं की आजही राग येतो.

बाकीच्या आक्षेपांना एवढी जागा द्यायची गरज नाही.

शिजवल्यानं सत्त्व जातं म्हणे. मग भाजणं म्हणजे काय? भाजीत पाणी आहे तोवर तिचं तापमान १०० अंशांच्या पुढे जात नाही. तापल्या वाळूतला दाणा त्याच्या कितीतरी पुढे जातो आणि त्यातलं थायमिन हे जीवनसत्त्व निम्म्याहून जास्त घटतं. भाजी उकळून पाणी ओतून दिलं तर पोटॅशियम वाहून जातं, हे खरं, पण विस्तवावर भाजलेल्या भंट्याचं पाणी कोण ओतून देतं? वांग्यातलं क जीवनसत्त्व शिजून जातं, हेही कबूल. ते मुळात १०० ग्रॅममागे २ मिलिग्रॅम होतं. भाजलेल्या दाण्यात किंवा बदामात ते नसतंच.

वांगं तेल पितं. तळलं तर पितं, अगदी स्पंजासारखं, आणि तळलेल्या कापांची बाजू मी घेणार नाही. भरिताला दोन चमचे पुरतात. उलट शेंगदाण्याचं अर्धं वजन तेलच असतं. ते चांगलं तेल आहे, पण त्याची बाजू घेणाऱ्यानं भाजीच्या फोडणीवर डोळे वटारू नयेत.

दमट हवेत बुरशी लागलेला दाणा भाजल्यानं निर्दोष होत नाही, हे एवढं दाणेपुराण सांगताना एकदाही त्यांच्या तोंडून निघालं नाही.

बैंगन म्हणजे बेगुण, हा तर शब्दांचा खेळ. संस्कृतात त्याला वृंताक म्हणतात आणि त्यात गुण नसल्याचा काही अर्थ निघत नाही. आणि गुण म्हणाल तर वांग्याच्या गरात क्लोरोजेनिक आम्ल आहे आणि जांभळ्या सालीत नासुनिन नावाचं रंगद्रव्य. ऑक्सिडीकरण रोखणाऱ्या द्रव्यांमध्ये दोन्हींची गणना होते. मी त्यांना औषध म्हणणार नाही. याच वाराणसीजवळ भारतीय भाजीपाला संशोधन संस्था आहे. तिथे वांग्याचे 'काशी संदेश', 'काशी तरु' असे वाण तयार झाले. बेगुण वस्तूवर कोणी इतकी वर्षं खपत नाही.

सुका मेवा हृदयाला बरा, याचा पुरावा आहे आणि मी तो मानते. पण पुरावा नीट वाचावा. स्पेनमध्ये सात हजारांहून जास्त माणसांवर झालेला गाजलेला प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गट पाडताना झालेल्या चुका दुरुस्त करून २०१८ मध्ये तो पुन्हा छापला गेला. त्यातल्या एका गटाला रोज ३० ग्रॅम अक्रोड, हेझलनट आणि बदाम दिले होते. कशाच्या जागी? कशाच्याच नाही. भरपूर भाज्या, फळं, कडधान्यं असलेल्या जेवणाच्या जोडीला दिले होते. आपल्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये आहाराचं जे मार्गदर्शन केलं, त्यात २००० उष्मांकांच्या दिवसभराच्या ताटात भाज्या ४०० ग्रॅम आणि सुका मेवा व तेलबिया ३५ ग्रॅम सांगितल्या आहेत. दोन्ही एकाच ताटात आहेत, एकीच्या बदल्यात दुसरी नाही. वजनांचं प्रमाणही बघा.

आता थोडं विषयांतर, पण मनात आहे ते लिहिते. काशीयात्रेला आलेला मराठी माणूस इथे एखादी आवडीची भाजी किंवा फळ सोडून जातो. आमच्या आजीकडे उतरणारी यात्रेकरू मंडळी निघायच्या आदल्या दिवशी ओसरीवर बसून काय सोडायचं हे ठरवायची. एका काकूंनी वांगं सोडलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी लहान होते, मला हसू आलं आणि आजीनं दटावलं. म्हणाली, "आवडीचं सोडलंय तिनं. नावडतं देवाला कोण देतं?" त्या काकू वांग्याची किंमत जाणत होत्या, म्हणून त्यांच्या सोडण्याला अर्थ होता. चातुर्मासात वांगं न खाणारी घरंही चंपाषष्ठीला खंडोबाला पहिला नैवेद्य भरीत-रोडग्याचा दाखवतात. आणि आमच्या या काशीत पंचक्रोशीच्या वाटेवर रामेश्वरला वरुणेच्या काठी लोटा-भंटा मेळा भरतो. लोक वरुणेत आंघोळ करतात, गोवऱ्यांवर बाटी आणि भंटा भाजतात, महादेवाला दाखवतात आणि तिथेच जेवतात. त्यांची ती अगहन वद्य षष्ठी. आपल्या पंचांगात ती कार्तिक वद्य षष्ठी येते, म्हणजे चंपाषष्ठीच्या बरोबर १५ तिथी आधी. इथे भंटा, तिथे भरीत, आणि दोन्ही ठिकाणी ते आधी देवापुढे जातं. आता मात्र त्याला निरुपयोगी म्हणून सोडायला सांगितलं जातं, आणि माझी आत्या काही न वाटता ते सोडते. पुराणातली वांगी पुराणात ठेवून ताटातली खाणाऱ्या पुराणिकबुवांना आपण पिढ्यान्‌पिढ्या नावं ठेवली. त्यांनी निदान ताटातली वांगी ताटात राहू दिली होती.

माझं स्वतःचं म्हणणं साधं आहे. भाजी आणि दाणे यांना भांडायला लावणं हेच मुळात आपल्या स्वयंपाकाला परकं आहे. भरल्या वांग्याचं सारण कशाचं असतं? दाण्याचं कूट, तीळ, खोबरं, गोडा मसाला, चिंच-गूळ. खानदेशात भरिताच्या फोडणीत अख्खे शेंगदाणे तळून पडतात, आणि जळगावच्या भरिताच्या वांग्यालाही मानांकन आहे. अळूच्या पातळ भाजीत दाणे आणि हरभऱ्याची डाळ असते. पानांतलं केरोटीन अंगी लागायला स्निग्धांश लागतो, तो दाणा पुरवतो. हे आपल्या बायकांनी कोष्टकं बघून जुळवलं नव्हतं. तोंडाला चव हवी, पोटाला आधार हवा, भाजी पुरवून वाढायची आहे, असा रोजचा विचार त्यामागे होता. माझ्या माहेरी भंट्याच्या चोख्यात, म्हणजे इथल्या भरितात, मोहरीचं तेल आणि लसूण इथल्या रीतीनं पडतो, वरून दाण्याचं कूट आपल्या रीतीनं. शेजारच्या भोजपुरी बायकांना आधी ते चमत्कारिक वाटायचं. एकजण म्हणायची, चोख्यात चिनिया बादाम, म्हणजे शेंगदाणे, कोण घालतं? पुढे तीच वाटी घेऊन कूट मागायला यायची.

वांगं रोज खावं असं मी म्हणत नाही. आज भंटा, उद्या बथुआ, परवा मटारचा निमोना, एक दिवस डाळीत पालक घातलेला सगपहिता. थंडीत बनारसच्या सट्टीत, म्हणजे मंडईत, भाजीला काय तोटा? आणि दुपारच्या चहाबरोबर मूठभर दाणे, हिरव्या मिरचीच्या मिठाला लावून. दात नसतील तर कूट करून.

आत्याशी पुन्हा बोलले तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. आकड्यांनी तिला पटवलं नव्हतं. ती म्हणाली, "एकटीसाठी काय फोडणी करायची गं? भंटा आणला तर किलोचा येतो, चार दिवस पुरतो, चौथ्या दिवशी टाकून द्यावा लागतो." काका गेल्यापासून तिला जेवायला बसायचाच कंटाळा आला आहे, आणि त्या व्याख्यानानं त्या कंटाळ्याला मान्यता दिली. मला सगळ्यात जास्त खुपलं ते हे. सभेत पुढच्या दोन रांगांत बसलेल्या बहुतेक बाया तिच्यासारख्या एकट्या राहणाऱ्या होत्या. त्यांना चुलीपासून सोडवलं, असं त्या गृहस्थांना वाटत असेल. पण जेवणाची जी शेवटची निगुती या बायांनी धरून ठेवली होती, ती त्यांच्या हातून सुटली.

आता आमच्या वाड्यात एक भंटा तिघींत येतो. खालच्या मजल्यावरच्या वहिनींकडे बोरसी, म्हणजे शेगडी, असते, त्या भाजतात. सोलून कुस्करायचं काम माझं. कूट आत्याचं, तिच्याच बरणीतल्या दाण्यांचं. मंगळवारी पहिल्यांदा केलं तेव्हा तिनं मीठ जास्त घातलं आणि वहिनींनी ते तोंडावर सांगितलं. गुरुवारी ती चाखून बघत होती.